वर्गातले साधन कोणाच्या मालकीचे?

जूनमध्ये शाळा उघडताना माझ्या बहिणीच्या हाती तिच्या मुलीच्या शाळेचे एक सूचनापत्रक पडले. सहावीपासून पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातून तीन दिवस स्वतःचा टॅब किंवा लॅपटॉप वर्गात आणावा, तो घरून चार्ज करून आणावा, त्यात पुरेसा डेटा असावा आणि उपकरण हरवल्यास, फुटल्यास वा चोरीस गेल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, असे त्यात लिहिले होते. त्यावरून पालकांच्या व्हॉट्सॲप गटात जो वाद पेटला तो तिने मला वाचायला दिला. एका बाजूचे पालक म्हणत होते की जग कुठल्या कुठे गेले आणि आपण अजून पाटी-पेन्सिल कवटाळून बसलो आहोत. दुसरी बाजू म्हणत होती की मोबाइलने घरातली मुले हातची गेली, आता वर्गातही तेच आणायचे का? दोनशेच्या वर संदेशांत त्या पत्रकातल्या शेवटच्या अटीकडे मात्र एकाचेही लक्ष गेले नव्हते. साधन तुमचे, त्याचा खर्च तुमचा, त्याची काळजी तुमची आणि नुकसान झाले तर तेही तुमचेच, मग त्या साधनावर चालणाऱ्या शिक्षणात शाळेचे नेमके काय उरते, हे कोणी विचारलेच नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. दहावीपर्यंतच्या वर्गात शिकण्याचे साधन म्हणून विद्यार्थ्याच्या घरचा मोबाइल, टॅब किंवा लॅपटॉप येऊ नये. वर्गात पडदाच नको, असे मी म्हणत नाही. ज्या धड्याला त्याची गरज आहे तिथे तो जरूर यावा, पण तो शाळेने घेतलेला, शाळेने सांभाळलेला, तास संपल्यावर शाळेच्याच कपाटात जाणारा आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाचा त्यावर सारखाच हक्क असलेला असावा. ‘तंत्रज्ञान हवे की नको’ अशी वादाची मांडणी केली की मालकीचा हा प्रश्न नजरेआड होतो आणि दोन्ही बाजू खऱ्या प्रश्नाला वळसा घालून भांडत राहतात.

हे मी अनुभवातून लिहितो आहे. एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेत मी २२ वर्षे गणित शिकवतो. करोनाकाळात बंद पडलेल्या शाळा पुन्हा उघडल्या त्यानंतरच्या वर्षी आठवीच्या वर्गात मी स्वतः हा प्रयोग केला होता. शनिवारच्या तासाला मुलांनी घरचा मोबाइल आणावा आणि आपण जिओजेब्रा या गणिताच्या ॲपवर भूमिती करावी, अशी माझी कल्पना होती. त्रिकोणाचे तीन शिरोलंब एका बिंदूत मिळतात हे फळ्यावर काढून दाखवता येते, पण एक शिरोबिंदू बोटाने ओढत नेला आणि कोन विशालकोन झाला की तो शिरोलंबसंपात सरकत सरकत त्रिकोणाच्या बाहेर जातो, हे मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या पडद्याचे मोल मला आजही मान्य आहे.

पहिल्या शनिवारी ४६ मुलांच्या वर्गात १९ मोबाइल आले. त्यांतले निम्मेही कामाचे निघाले नाहीत. कुठे जागा भरलेली, कुठे रिचार्ज संपलेला, कुठे बॅटरी तासाभराचीही नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी शेजारच्याच्या मोबाइलमध्ये बघावे, असे मी सांगितले आणि पाच मिनिटांत वर्गाची नवी रचना तयार झाली. ज्याचा मोबाइल तो मध्ये, त्याच्याभोवती त्याचे मित्र, आणि उरलेले त्यांच्या खांद्यांवरून डोकावणारे. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग असते, तोच नियम माझ्या वर्गात लागू झाला होता आणि तो मीच लागू केला होता.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने वडिलांचा मोबाइल आणला होता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्याला तडा गेलेला, त्यावर चिकटपट्टी लावलेली. वडील टेम्पो चालवतात आणि भाड्याचे फोन त्याच मोबाइलवर येतात. तासाभरात तो तीनदा थरथरला. तिसऱ्या वेळी ती बाकाखाली वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘काका, पप्पा घरी आहेत, मी शाळेत आहे, मी दुपारी सांगते त्यांना.’’ कांद्याच्या गोण्या मार्केटला न्यायच्या होत्या. दुपारपर्यंत ते भाडे दुसऱ्याला गेले. सोमवारी तिचे वडील शाळेत आले. त्यांनी तक्रार केली नाही. व्हरांड्यात उभे राहून त्यांनी एवढेच विचारले, ‘‘सर, दर शनिवारी लागेल का मोबाइल?’’ त्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होतो? पुढच्या शनिवारपासून मी तो प्रयोग थांबवला.

‘विद्यार्थ्याने आपले उपकरण आणावे’ या वाक्यातला ‘आपले’ हा शब्द आपल्याकडच्या बहुतेक घरांना लागू पडत नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येतो. हे आकडे नेहमी उद्धृत केले जातात. पुढचा आकडा क्वचितच सांगितला जातो. ज्यांना वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेली मुले फक्त ३१ टक्के आहेत, आणि त्यातही मुलगे सुमारे ३६ टक्के, तर मुली सुमारे २७ टक्के. म्हणजे घरातला फोन हे घराचे कामाचे हत्यार आहे. तो बापाच्या धंद्याचा, आईच्या बचत गटाचा, मोठ्या भावाच्या नोकरीच्या अर्जाचा फोन आहे. तो मुलाच्या दप्तरात जातो तेव्हा कोणाचे तरी काम अडते, आणि तो कोणाच्या दप्तरात जाणार हा निर्णय घरात होतो तेव्हा मुलीचा क्रमांक मागे लागतो.

शहरातल्या खासगी शाळांत ही अडचण नाही, तिथल्या पालकांना हे परवडणारेच आहे, असे यावर सांगितले जाते. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांतही प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा आणि ती ज्यांच्या घरी काम करते त्यांचा मुलगा एका बाकावर बसावा, हा त्या तरतुदीमागचा हेतू आहे. त्याच बाकावर एकासमोर नवाकोरा टॅब आणि दुसऱ्यासमोर चुलत्याकडून मागून आणलेला जुना फोन ठेवणे म्हणजे कायद्याने दारातून आत घेतलेल्या मुलाला वर्गातल्या वर्गात पुन्हा वेगळे काढणे आहे. शाळांत गणवेश का असतो? घरची परिस्थिती कपड्यांवरून दिसू नये, हे त्याचे आपण देत आलेले कारण आहे. सदऱ्याच्या बाबतीत जे तत्त्व आपण इतकी वर्षे पाळले, ते सदऱ्यापेक्षा कितीतरी पट महाग असलेल्या वस्तूच्या बाबतीत सोडून देण्याचे कारण काय?

आता विरोधी बाजूचा सर्वांत जुना आणि वजनदार मुद्दा. नव्या साधनाला शाळेने विरोध केला आणि नंतर तो विरोध हास्यास्पद ठरला, असे अनेकदा घडले आहे. ते मला नाकारायचे नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवून शिकलेल्या समाजाला छापील पोथी सहज पचली नव्हती. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून धार्मिक ग्रंथ छापण्यालाच आक्षेप होता, आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींनी तो आक्षेप दूर करण्यासाठी शाईत तूप वापरल्याचे सांगितले जाते. माझ्या लहानपणी बॉलपेनने अक्षर बिघडते म्हणून सातवीपर्यंत शाईपेनाची सक्ती होती आणि बोटांवरचे निळे डाग हे शिस्तीचे लक्षण मानले जाई. कॅल्क्युलेटरने मुलांची पाढ्यांची सवय मोडेल हा वाद तर अजून पुरता मिटलेला नाही. मग मोबाइलला होणारा विरोध याच माळेतला एक मणी का मानू नये?

या इतिहासातला अर्धाच भाग आपण सांगतो, असे मला वाटते. छापील पुस्तक ही महत्त्वाची गोष्ट होती यात शंका नाही, पण गरिबाच्या मुलाला तिचा लाभ छापखाना निघाला त्या दिवशी झाला नाही. ज्याला परवडेल त्याने पुस्तक आणावे अशी स्थिती होती तोपर्यंत पुस्तक हे काही घरांचेच साधन राहिले. १९६७ मध्ये ‘बालभारती’ स्थापन झाली, राज्यभरातल्या मुलांसाठी एकच, स्वस्त आणि तपासून घेतलेले पाठ्यपुस्तक निघू लागले आणि पुढे आठवीपर्यंतच्या मुलांना ते सरकारी योजनेतून मोफत मिळू लागले, तेव्हा ते खऱ्या अर्थाने वर्गाचे साधन झाले. साधन नवे होते म्हणून ते काम झाले नाही, त्याचा भार कोणी उचलायचा हे ठरले म्हणून झाले. इतिहासाचा दाखला द्यायचा असेल तर तो इथपर्यंत यायला हवा.

दुसरा फरक साधनाच्या स्वभावाचा आहे. शाईपेन मुलाला हाक मारत नाही. कॅल्क्युलेटरवर मित्राचा संदेश येत नाही, आणि मुलाने तो आणखी दहा मिनिटे हातात धरावा यासाठी कोणती कंपनी रात्रंदिवस खपत नाही. खासगी फोनमध्ये मात्र अभ्यासाचे ॲप आणि त्याच्या शेजारी मुलाचे सगळे खासगी आयुष्य एकाच पडद्यावर असते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात आणि यॉर्क विद्यापीठात काम करणाऱ्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मला फार बोलका वाटतो. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्या विद्यार्थ्यांना नंतरच्या चाचणीत कमी गुण पडले, हे अपेक्षितच होते. पण ज्यांच्यासमोर लॅपटॉप नव्हता, जे कागदावर टिपणे काढत होते, पण ज्यांच्या नजरेच्या टप्प्यात दुसऱ्याचा तसा पडदा होता, त्यांचे गुण तसा पडदा न दिसणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी भरले. हे महाविद्यालयीन वयाचे, स्वेच्छेने प्रयोगात बसलेले तरुण होते. बारा वर्षांच्या मुलाकडून आपण त्याहून अधिक निग्रहाची अपेक्षा करायची का? आणि ज्याच्या घरी टॅब घ्यायची ऐपत नाही, त्याने आपल्या नसलेल्या टॅबमुळे होणारे नुकसानही का सोसायचे?

बंदीच्या बाजूने बोलणारे मात्र पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतात, हेही मला सांगितले पाहिजे. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास फार उद्धृत होतो. मोबाइलला बंदी केल्यावर परीक्षेतले गुण सुधारले आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा अधिक लाभ झाला, असे त्यात दिसले. पण स्वीडनमध्ये तशाच पद्धतीने केलेल्या नंतरच्या अभ्यासात असा परिणाम आढळला नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२५ च्या अभ्यासात तर बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक दिसला नाही, कारण मुले शाळेबाहेर पडद्यासमोर जो वेळ घालवतात तो बंदीमुळे फारसा कमी होत नाही. शाळेच्या दारात फोन काढून घेतला की मुलांचा प्रश्न सुटला, असे ज्यांना वाटते त्यांनी हे निष्कर्ष वाचावेत. माझा युक्तिवाद या बंदीच्या फलितावर उभा नाही. फोनबंदीने गुण वाढोत वा न वाढोत, वर्गातल्या शिक्षणाचे साधन पालकाच्या खिशावर अवलंबून असू नये, हे तत्त्व त्याने बदलत नाही.

फोन जवळ असणे आणि फोन वर्गातले साधन असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत दोन्ही बाजू करतात. ज्या मुलीला संध्याकाळी सहाची एसटी पकडून दहा किलोमीटरवरच्या वाडीत जायचे आहे, तिच्या दप्तरात साधा फोन असावा असे तिच्या आईला वाटणे अगदी रास्त आहे. बस चुकली तर ती कोणाला कळवणार? २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळेत स्मार्टफोन नेण्यावर सरसकट बंदी घालणे इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, असे म्हटले, आणि शक्य तिथे फोन सकाळी शाळेत जमा करून घ्यावा व सुटताना परत द्यावा, असा मार्ग सुचवला. मला तो शहाणपणाचा वाटतो. सकाळी कार्यालयात खणाखणांचा खोका ठेवावा, प्रत्येक फोनवर नावाची चिठ्ठी असावी आणि घंटा झाली की तो परत मिळावा. त्यात मुलाचा अपमान नाही आणि वर्गाचे नुकसानही नाही. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोनच्या वापराला मनाई केली, तेव्हाही अपंग विद्यार्थ्यांच्या सहायक साधनांना आणि शिक्षकाने ठरवलेल्या शैक्षणिक वापराला वाट ठेवली होती. यातला पहिला अपवाद मी मनापासून मान्य करतो. दृष्टी अधू असलेल्या मुलाचा अक्षरे मोठी करून दाखवणारा टॅब, मधुमेह असलेल्या मुलीची साखर मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेला फोन या वस्तू त्यांच्यासाठी चष्म्यासारख्या आहेत. त्यांच्यावर बंदी घालणे क्रौर्य ठरेल.

आपल्याच राज्यातली दोन गावे मला या वादात वारंवार आठवतात. २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापराला ठराव करून बंदी घातली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळा मार्ग धरला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. त्यात मोठी माणसेही आली. दोन्ही गावांची तळमळ खरी आहे, पण वडगावच्या निर्णयात एक गोष्ट मला मोलाची वाटते. तिथे ‘तुझा फोन तू ठेव’ असे एकेका मुलाला सांगून जबाबदारी त्याच्या गळ्यात मारलेली नाही. वेळ सगळ्यांची, नियम सगळ्यांना आणि तो पाळण्याचा भारही सगळ्यांवर. वर्गातल्या साधनाबद्दल माझे म्हणणे याच जातीचे आहे.

ज्याला मी सर्वांत गंभीर आक्षेप मानतो, तो असा : संगणकाने शिक्षण खरोखर सुधारते याचे चांगले पुरावे आपल्याच देशात आहेत, आणि साधनाच्या मालकीवरून अडून बसलात तर मुलांचे नुकसान तुम्हीच कराल. पुरावे आहेत, हे खरेच आहे. दिल्लीतल्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रांवर २०१५ मध्ये झालेला प्रयोग त्यातला बहुधा सर्वांत भक्कम आहे. सरकारी शाळांतली सहावी ते नववीची मुले शाळेव्यतिरिक्तच्या वेळात या केंद्रांवर येत, पाऊण तास संगणकावर स्वतःच्या पातळीनुसार गणिते आणि भाषेचे पाठ सोडवत आणि पाऊण तास छोट्या गटात शिक्षकाकडून शिकत. साडेचार महिन्यांत त्यांची गणितातली आणि हिंदीतली प्रगती इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती. शाळेतल्या इयत्तेपेक्षा कित्येक वर्षे मागे असलेल्या मुलालाही तो जिथे आहे तिथून पुढे नेता येते, हे त्या प्रयोगाने दाखवले. मी याचे स्वागतच करतो. पण त्या खोलीतला संगणक कोणाचा होता? तो केंद्राचा होता. मुले रिकाम्या हातांनी येत आणि रिकाम्या हातांनी घरी जात. त्या संगणकावर ठरलेल्या पाठाखेरीज दुसरे काही नव्हते, आणि खोलीत शिक्षक होता. तंत्रज्ञानाच्या यशाचा हा दाखला नीट पाहिला तर माझ्याच बाजूची साक्ष देतो.

उलट साधन मुलाच्या हाती दिले की शिक्षण आपोआप होईल, या समजुतीची किंमतही जगाने मोजली आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्याशा गावात झाला होता. पेरू देशाने तर हे लॅपटॉप लाखोंच्या संख्येने वाटले. २०१२ मध्ये तिथल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा गणितात किंवा भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसले नाही. मुले लॅपटॉप वापरत होती, पण वर्गातले शिकवणे होते तसेच राहिले होते. हे लॅपटॉप तर सरकारने दिलेले, सगळे एकसारखे होते. जिथे चाळीस मुलांचे चाळीस तऱ्हेचे फोन, वेगवेगळ्या आकाराचे पडदे, कोणाचे ॲप चालते आणि कोणाचे अडते, तिथे शिक्षकाचा अर्धा तास कशात जातो हे मी त्या शनिवारी अनुभवले आहे. आणि मुलांच्या खासगी फोनमध्ये शाळेच्या सांगण्यावरून उतरवलेली ॲप मुलांची कोणती माहिती गोळा करतात, याचे उत्तर कोण देणार? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती आवश्यक केली आहे, पण ‘टॅब आणलाच पाहिजे’ असे सांगितल्यावर दिलेल्या संमतीला संमती म्हणायचे का?

शेवटी पैशाचा मुद्दा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. शाळांकडे पैसे नाहीत, अनुदान वेळेवर येत नाही, मग साधन येणार कुठून, असे मुख्याध्यापक विचारतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. पण हा प्रश्न नवा नाही. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हाही खर्च कोण करणार असे विचारले गेले आणि विधेयक फेटाळले गेले. पुढे १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूरसारख्या लहान संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतून मुष्टिफंडाचे धान्य गोळा होत असे. मूठभर ज्वारी देणाऱ्या बाईला ‘तुझ्या पोराच्या जेवणाचे तूच बघ’ असे कोणी सांगितले नव्हते. तिची मूठ सगळ्यांच्या पोत्यात पडे आणि त्यातून सगळ्यांची मुले जेवत. अलीकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या, त्या याच वाटेने. गावाने पैसे काढले आणि प्रोजेक्टर शाळेच्या भिंतीवर लागला.

हिशेब करून बघू. एका चांगल्या टॅबची किंमत दहा हजार रुपये धरली, तर ४० मुलांच्या वर्गातल्या पालकांना ‘स्वतःचे आणा’ म्हणण्याचा अर्थ त्या पालकांच्या खिशातून चार लाख रुपये काढणे असा होतो, आणि तेही एकाच इयत्तेपुरते. चार मुलांत एक टॅब पुरतो, हे मी भूमिती शिकवताना पाहिले आहे. किंबहुना चौघांत एक असला की मुले एकमेकांशी बोलतात, एक जण शिरोबिंदू ओढतो आणि बाकीचे तिघे काय होईल ते आधी सांगून पैज लावतात. म्हणजे दहा टॅब, एक लाख रुपये. तेच दहा टॅब वेळापत्रक लावून पाचवी ते दहावीच्या सगळ्या तुकड्यांना वापरता येतात. त्यात दुरुस्तीसाठी दरवर्षी वेगळी रक्कम बाजूला काढलीच पाहिजे. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, तेव्हाही साधन विकत घेण्यापेक्षा ते चालू ठेवणे अवघड असते हे पुढे दिसले. ती दुरुस्ती कोण करणार, कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार, सुट्टीत बॅटऱ्या कोण सांभाळणार, हे कंटाळवाणे प्रश्न आहेत, पण सूचनापत्रकातल्या त्या शेवटच्या ओळीने शाळा नेमकी याच प्रश्नांतून अंग काढून घेते.

आमच्या शाळेत गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून आठ टॅब आले. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात, परीक्षानळ्यांच्या वरच्या फळीवर ते ठेवले आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर रंगाने आकडा घातला आहे आणि कोणत्या गटाने कोणता आकडा घेतला याची वही मुलेच लिहितात. टेम्पोवाल्यांच्या त्या मुलीची धाकटी बहीण यंदा आठवीत आहे. शनिवारच्या तासाला तिच्या गटाकडे पाच क्रमांकाचा टॅब असतो.